खरे युद्धकवी, कादंबरीतले युद्धकवी : पॅट बार्कर यांची 'रीजनरेशन' त्रयी

पानगळ

पॅट बार्कर यांची पहिल्या महायुद्धावरची त्रयी इथे कुणीकुणी वाचली आहे? 'रीजनरेशन' (१९९१), 'द आय इन द डोअर' (१९९३) आणि 'द घोस्ट रोड' (१९९५). तिसरीला बुकर मिळालं, त्यामुळे निदान तिचं नाव कानावरून गेलं असेल. सिगफ्रीड ससून, विल्फ्रेड ओवेन आणि रॉबर्ट ग्रेव्ह्ज हे खरे कवी या कादंबऱ्यांत पात्रं म्हणून वावरतात. मला बोलायचंय ते त्यांच्याबद्दल. ज्याच्या कविता लोकांना पाठ आहेत, ज्याची पत्रं छापलेली आहेत, असा माणूस कादंबरीत घ्यायचा तर किती घ्यायचा आणि हात कुठे आखडायचा? बार्करबाईंनी हे जितक्या संयमाने सांभाळलंय तितकं माझ्या वाचनात दुसरीकडे आलेलं नाही.

न वाचलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. ससून हा शौर्यपदक मिळवलेला अधिकारी. जुलै १९१७ मध्ये त्याने जाहीर निवेदन काढलं : हे युद्ध ज्यांना थांबवता येईल तेच ते मुद्दाम लांबवत आहेत, मी यापुढे लढणार नाही. ३० जुलैला हे निवेदन पार्लमेंटात वाचून दाखवलं गेलं. खरं तर कोर्ट मार्शलच व्हायचं. पण ग्रेव्ह्जने खटपट करून मित्राला वैद्यकीय मंडळापुढे नेलं, आणि मंडळाने त्याला मानसिक रुग्ण ठरवून एडिंबराच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात धाडलं. तिथे 'शेल शॉक' झालेले, म्हणजे युद्धाच्या धक्क्याने मन कोलमडलेले अधिकारी ठेवलेले असत. त्याचे डॉक्टर डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स. ससूनला बरं करायचं म्हणजे परत खंदकात जायला तयार करायचं, हे त्यांचं काम. ओवेनही तेव्हा तिथेच रुग्ण होता, कवी म्हणून कुणाला माहीत नसलेला.

एवढा सगळा इतिहास आयता मिळालेला. बाईंनी स्वतः रचलं ते मुख्यतः बिली प्रायर हे पात्र. उत्तर इंग्लंडच्या कामगारवस्तीतून अधिकारी झालेला तरुण, इस्पितळात येतो तेव्हा वाचा गेलेली असते.

आता मोह कुठे होता बघा. रिव्हर्स त्रयीच्या मध्यभागी, ओवेन त्याच छपराखाली. ओवेनला रिव्हर्सच्या खोलीत बसवून दोघांना बोलतं करावं असं कुठल्या लेखकाला वाटणार नाही? पण ओवेनचे डॉक्टर होते आर्थर ब्रॉक. रुग्णाला कामाला लावून उभं करायचं, ही त्यांची पद्धत. ओवेन तिथे इस्पितळाचं 'द हायड्रा' हे नियतकालिक संपादित करायचा. बाईंनी त्याला ब्रॉककडेच ठेवलंय. सोयीसाठी डॉक्टर बदललेला नाही.

शिवाय ओवेन आपल्याला बहुतेकदा दुसऱ्याच्या डोळ्यांतून दिसतो. आधी ससूनच्या, पुढे प्रायरच्या. आणि जसजसे भाग पुढे जातात तसतसे कवी मागे सरतात. पहिल्यात ससून जवळपास नायक आहे. दुसऱ्यात तो उशिरा येतो, डोक्याला गोळी लागून लंडनच्या इस्पितळात पडलेला. (ती गोळी आपल्याच बाजूच्या माणसाकडून चुकून सुटलेली. हेही घडलेलंच.) तिसऱ्यात ओवेन आहे तो मँचेस्टर रेजिमेंटमधला प्रायरचा एक सहकारी, इतकाच. ४ नोव्हेंबर १९१८, युद्धबंदीला आठवडा उरलेला. उत्तर फ्रान्समधल्या ओर्स गावाजवळच्या कालव्यावर ओवेन पडला, वय २५. ११ तारखेला श्रूजबरीत युद्ध संपल्याच्या घंटा वाजत असताना त्याच्या घरी तार पोचली, हे तर इंग्रजी वाचणाऱ्या जगाला तोंडपाठ आहे. बाई त्या तारेपर्यंत जातच नाहीत. जखमी प्रायरला ओवेनचं शरीर गोळ्यांनी उचललं जाऊन खाली येताना दिसतं. एका वाक्यात. पुढच्या ओळी प्रायरच्या स्वतःच्या मरणाच्या.

आणि ज्यासाठी हा धागा काढला तो प्रसंग : 'अँथेम फॉर डूम्ड यूथ' ही ओवेनची कविता. तिचा खर्डा जपलेला आहे, ओवेनच्या अक्षरात, वर ससूनच्या हातच्या दुरुस्त्या. बाईंनी हे खोडलेले कागद घेतले आणि दोन माणसं टेबलाशी बसवली. खर्ड्यात तोफा 'आपल्या' आहेत. ससून तिथे अडतो, म्हणतो ही ओळ युद्धखात्याच्या प्रचाराची झाली. ओवेन आधी मानत नाही. मग परत वाचतो, आणि तो शब्द जातो. आज छापील कवितेत नुसत्या तोफा आहेत, कुणाच्याही नाहीत. प्रतिभा वगैरे बोलणं नाही, खिडकीबाहेर टक लावून बसलेला कवी नाही. एकाला दुसऱ्याची ओळ खटकते आणि तो तसं तोंडावर सांगतो. कवी कसा दाखवावा, तर असा, असं मला मनापासून वाटतं.

तुमची मतं वाचायला आवडतील, विशेषतः न पटलेली.

सायंतारा

सुंदर लिहिलंत, पानगळ. एक भर घालते. ससूनने स्वतःच स्वतःची कादंबरी करून ठेवली होती, ही गोष्ट इथे फार महत्त्वाची आहे.

'मेमॉयर्स ऑफ अ फॉक्स-हंटिंग मॅन' (१९२८), 'मेमॉयर्स ऑफ अ‍ॅन इन्फन्ट्री ऑफिसर' (१९३०) आणि 'शर्स्टन्स प्रोग्रेस' (१९३६). त्यांत तो जॉर्ज शर्स्टन झालाय, ग्रेव्ह्ज डेव्हिड क्रॉमलेक झालाय. पण रिव्हर्स रिव्हर्सच. त्यांचं नाव त्याने बदललं नाही, इतका त्या माणसाचा मान. आणि शर्स्टन कवी नाही! शिकार करतो, क्रिकेट खेळतो, युद्धावर जातो, निवेदन काढतो, पण कविता करत नाही. मग अर्थातच क्रेगलॉकहार्टमध्ये त्याला ओवेन भेटायचं कारणच उरत नाही. ओवेनबद्दल त्याने लिहिलं ते बऱ्याच नंतर, १९४५ च्या 'सिगफ्रीड्स जर्नी' या आत्मकथनात. त्यात पहिल्या भेटीचं वर्णन आहे : ससून खिडकीशी पलंगावर बसून गोल्फच्या काठ्या पुसतोय, दारावर हलकी टकटक होते, बुटका, काळ्या केसांचा, संकोचलेला एक अधिकारी आत येतो, काखेत ससूनच्याच कवितासंग्रहाच्या चार-पाच प्रती.

म्हणजे कवीने स्वतःच्या कादंबरीतून कवी काढून टाकला, आणि पन्नास-साठ वर्षांनी दुसऱ्याच एका बाईने तो परत जागेवर आणला. बार्करबाईंच्या कादंबरीत ससूनमधली दुफळी सारखी जाणवते : चांगला अधिकारी एकीकडे, त्या अधिकाऱ्याच्या युद्धावर चिडून लिहिणारा कवी दुसरीकडे. मला वाटतं त्यांना ही फट शर्स्टनच्या पुस्तकांतच सापडली. स्वतःची गोष्ट सांगताना माणूस काय गाळतो हे पाहिलं की तो कुठे दुखावलाय ते कळतं.

रात्रीचं इस्पितळही ससूनचंच आहे. दिवसा डॉक्टरांच्या देखरेखीखाली सगळं ठीकठाक, आणि रात्री जो तो आपापल्या खंदकात परत, दारांमागून ओरडणं. हे त्याने 'शर्स्टन्स प्रोग्रेस'मध्ये लिहून ठेवलंय.

घाटवाट

लेख आवडला, पण मी विरोधी बाकावर बसतो.

संयम संयम म्हणताय, तो ओवेनच्या बाबतीत मान्य. ससूनचं काय? पहिल्या भागात बाई त्याच्या डोक्यात बिनदिक्कत जा-ये करतात. त्याला काय भास होतात, क्लबमध्ये बसून म्हाताऱ्यांकडे बघताना काय वाटतं, सगळं आतून. मेलेल्या माणसाच्या मनात आपलं वाक्य घालणं हे घालणंच. ते कितीही हळुवार केलं तरी उद्या वाचक तेच ससूनचं म्हणून सांगत फिरणार. १९९७ चा सिनेमा आल्यावर तर अनेकांच्या लेखी ससून म्हणजे तोच.

आणि ज्यांच्यावर माया नाही त्यांचं काय, हा माझा खरा प्रश्न. लंडनच्या क्वीन स्क्वेअरच्या इस्पितळातले डॉ. लुईस यीलँड हेही खरेच. मुक्या झालेल्या शिपायाच्या घशाला विजेचे झटके देऊन त्याला बोलायला लावण्याचा तो प्रसंग वाचून माझी झोप उडाली होती. पण रिव्हर्स तिथे उभे राहून ते बघतात, ही बाईंची रचना. रिव्हर्सना संत करायचं तर समोर दैत्य लागतो. कवींना जो न्याय, तो यीलँडना का नाही? त्यांच्या कविता कुणाला पाठ नाहीत म्हणून?

कृष्णाकाठ

घाटवाट, मी मनोविकारतज्ज्ञ आहे, म्हणून यीलँडवर थोडं.

तो प्रसंग बाईंनी हवेतून आणलेला नाही. यीलँड यांनी १९१८ मध्ये 'हिस्टेरिकल डिसऑर्डर्स ऑफ वॉरफेअर' हे पुस्तक छापलं आणि त्यात त्या रुग्णाचा सगळा वृत्तांत स्वतः दिला, आपल्या यशाची गोष्ट म्हणून. दारं बंद करणं, बोलल्याशिवाय इथून सुटका नाही असं बजावणं, हे त्यांचंच कथन. रिव्हर्सची हजेरी मात्र काल्पनिक, हे तुमचं बरोबर. विजेचा उपचार तेव्हा सर्रास चालायचा, त्यामुळे यीलँड एकटे क्रूर होते असं वाचकाला वाटू नये हेही मान्य.

पण रिव्हर्स संत आहेत, हे मला अजिबात पटत नाही. कादंबरीचा गाभाच हा आहे की रिव्हर्सना त्या खोलीतून बाहेर पडल्यावर स्वतःत आणि यीलँडमध्ये साम्य दिसतं. एकजण विजेने बोलायला लावतो, दुसरा प्रेमळ आवाजात गप्प करतो. ससून निषेध करत होता, रिव्हर्सनी त्याला परत युद्धावर पाठवला. माझ्या पेशातल्या माणसाला हे टोचतं. कामाच्या ताणाने मोडलेला माणूस आमच्याकडे येतो, आम्ही त्याला चार गोळ्या आणि चार युक्त्या देऊन त्याच कामावर परत पाठवतो. कामाबद्दल आम्ही काही बोलत नाही.

आणखी एक निरीक्षण अचूक आहे : शिपायांची वाचा जाते, अधिकारी तोतरे होतात. रिव्हर्स हे प्रायरला ऐकवतात, आणि प्रायर उलटून त्यांच्याच तोतरेपणावर बोट ठेवतो. रिव्हर्स खरोखर तोतरे होते. मूळ रिव्हर्सच्या शोधनिबंधांतले रुग्णही इथे भेटतात. कुजलेल्या प्रेतावर तोंडावर आपटलेला आणि त्यानंतर अन्न पोटात न ठरणारा बर्न्स, तो रिव्हर्सनी डिसेंबर १९१७ मध्ये वाचलेल्या व्याख्यानातला रुग्ण. नाव बाईंनी दिलं, यातना खरी.

पेठेतला

अवांतर, पण पुणेकराला राहवत नाही.

सिगफ्रीड ससून म्हणजे आपल्या ससून हॉस्पिटलच्या ससूनांचाच पणतू. बगदादहून मुंबईत येऊन व्यापारात नाव काढलेले डेव्हिड ससून हे त्याचे पणजोबा. पुण्यातलं लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, त्यांनीच बांधवलं, त्यांची समाधीही त्याच आवारात आहे. मुंबईत काळा घोड्याजवळची डेव्हिड ससून लायब्ररी आणि कुलाब्याचा ससून डॉकही याच घराण्याचे. सिगफ्रीडचे वडील आल्फ्रेड यांनी धर्माबाहेर लग्न केलं म्हणून घरच्यांनी त्यांना तोडलं. त्यामुळे हा मुलगा केंटच्या खेड्यात, इंग्रज आईकडे, घोडे आणि क्रिकेट यांत वाढला. नाव मात्र असं की त्याच्या सामाजिक वर्गातल्या इंग्रजांना ते लगेच परकं वाटावं. पहिलं नाव जर्मन, आडनाव बगदादी ज्यूंचं, आणि जर्मनीशी युद्ध!

आणखी एक भारतीय धागा रिव्हर्सचा. हे गृहस्थ डॉक्टर होण्याबरोबर मानववंशशास्त्रज्ञही होते. निलगिरीतल्या तोडा लोकांवरचं त्यांचं जाडजूड पुस्तक १९०६ चं. तिसऱ्या कादंबरीत ते प्रशांत महासागरातल्या मेलनेशियातल्या बेटावरच्या दिवसांत परत परत जातात, त्याच्या मुळाशीही त्यांचा खरा १९०८ चा अभ्यास आहे.

दुर्गवेडा

पेठेतला, हे माहीत नव्हतं, अनेक आभार. आता लाल देवळाकडे वेगळ्या नजरेने बघणार.

मला हा धागा वाचताना सारखी आपली मराठी चरित्रात्मक कादंबरी आठवत राहिली. 'स्वामी', 'राऊ', 'छावा', 'दुर्दम्य', 'महानायक'. मी यांच्यावर वाढलोय आणि माझं त्यांच्यावर प्रेम आहे, तरी एक गोष्ट बोलून दाखवतो. संभाजीराजे हे तर आपले लढवय्ये कवी. 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ त्यांच्या नावावर आहे. पण 'छावा'तला जो राजा माझ्या मनात राहिला तो लढणारा, सोसणारा. श्लोक लिहिताना अडलेला, ओळ खोडून दुसरी घालणारा, कुणीतरी 'महाराज, हे जमलं नाही' म्हटल्यावर चिडलेला राजा मला भेटला नाही. आपल्याकडे खरा माणूस कादंबरीत आला की तो मखरात बसतो. लेखकालाही भीती असते, वाचकालाही. टेबलाशी बसून दुसऱ्याची चूक ऐकून घेणारा ओवेन वाचून मला हेवा वाटला, खरंच.

सायंतारा

दुर्गवेडा, सहमत, पण साधनांचा फरक धरायला हवा. ओवेनचे खर्डे आहेत, आईला लिहिलेली शेकडो पत्रं आहेत. सतराव्या शतकातल्या राजाचा खोडलेला कागद कुठून आणणार? साधनं नसली की कादंबरीकार भव्य भाषेने जागा भरतो.

आणि इंग्रजांकडेही हे सगळं गुण्यागोविंदाने झालं असं नाही. १९२९ मध्ये ग्रेव्ह्जचं 'गुडबाय टू ऑल दॅट' हे आत्मकथन आलं तेव्हा ससून इतका भडकला की प्रकाशकाला काही मजकूर काढावा लागला. त्यात ससूनने ग्रेव्ह्जला खासगीत पाठवलेली कविताही होती. दोन मित्र, दोघेही त्याच खंदकांतून आलेले, आणि एकाने दुसऱ्याला पुस्तकात घातलं तर मैत्री तुटायची वेळ. बार्करबाईंनी लिहिलं तेव्हा तिघेही हयात नव्हते. ग्रेव्ह्ज शेवटी गेला, १९८५ मध्ये. त्याला या कादंबरीतला स्वतःचा अवतार आवडला नसता, याची मला खात्री आहे. मित्राला वाचवतो, पण त्यासाठी त्याच्याशी खोटं बोलतो. माझ्या मते तिन्ही कवींत सगळ्यात कमी माया ग्रेव्ह्जच्या वाट्याला आली आहे.

उत्तरवारा

एडिंबरात राहतो, म्हणून लिहितो. क्रेगलॉकहार्टची इमारत शाबूत आहे, आता नेपिअर विद्यापीठाकडे. १८८० मध्ये ती पाण्याने उपचार करणारं आरोग्यगृह म्हणून उघडली. तो जलोपचारच 'द हायड्रा' या नावामागे आहे. आत युद्धकवींचं कायमस्वरूपी प्रदर्शन आहे आणि विद्यार्थी त्याच्या बाजूने कॉफीचे कप घेऊन तासाला जात असतात. मागे टेकडी, वर गेलं की शहर खाली. मी आधी कादंबरी वाचून मग गेलो आणि मला ती वास्तू अंधारी, दडपवणारी असेल असं वाटत होतं. प्रत्यक्षात उन्हात ती अगदी प्रसन्न दिसते. मग कळलं की कादंबरीतली वास्तू रुग्णांच्या नजरेतली आहे. ससून ज्या बाजूने पहिल्यांदा आत आला त्या बाजूची.

घाटवाट यांच्या मुद्द्यावर : इथले मार्गदर्शक बोलताना कादंबरीतला प्रसंग कोणता आणि कागदोपत्री कोणता हे वेगळं सांगतात, हे मला आवडलं.

पानगळ

सगळ्यांचे मनःपूर्वक आभार. घाटवाट, तुमच्या प्रतिसादाला सविस्तर उत्तर द्यायचं होतं.

ससूनच्या मनात बाई शिरतात हे खरं. पण कुठल्या ससूनच्या? ज्याने स्वतःबद्दल स्वतः सहा पुस्तकं लिहिली, रोजनिशी ठेवली, त्याच्या. ओवेन २५ व्या वर्षी गेला, स्वतःचा बचाव करायला त्याला वेळच मिळाला नाही, आणि तिथे त्या दाराबाहेर थांबतात. जो आपली बाजू मांडून गेला त्याच्याशी वाद घालायचा आणि जो मांडू शकला नाही त्याला जपायचं, हा न्याय मला फार योग्य वाटतो.

आणि जे आतून सांगायचं होतं, राग, वासना, वर्गाची लाज, परत जायची ओढ, ते सगळं त्यांनी प्रायरला दिलं. प्रायरला पुरुषही आवडतात आणि स्त्रियाही, तो कधीकधी क्रूर वागतो, तो खोटं बोलतो. हे सगळं ओवेनच्या अंगावर चढवता आलं असतं. खप वाढला असता. त्यांनी त्यासाठी नवा माणूस घडवला आणि त्याला ओवेनबरोबर त्याच कालव्यावर मारला.

घाटवाट

हा युक्तिवाद मला आवडला, पूर्ण पटला नाही. प्रायर इतका जिवंत आहे की तिसऱ्या भागात ओवेन त्याच्यापुढे फिका पडतो. खऱ्या कवीला जपता जपता तो पुसला गेला, असंही म्हणता येईल. आणि यीलँडनीही पुस्तक लिहून आपली बाजू मांडलीच होती, तर त्यांच्याशीही नुसता वाद घालायचा होता, रिव्हर्सना साक्षीदार म्हणून उभं करायचं नव्हतं. यावर मी ठाम आहे.

दुर्गवेडा

मागवतोय तिन्ही. पहिल्या भागाच्या शेवटी लेखिकेचं टिपण आहे म्हणे, खरं काय आणि रचलेलं काय ते सांगणारं. ते आधी वाचू की नंतर?

पानगळ

नंतर वाचा. आणि शक्य झालं तर त्याआधी ओवेनच्या चार-पाच कविता वाचून घ्या. कादंबरीत कविता तुकड्यातुकड्यांनीच येतात, आख्ख्या फारशा दिलेल्या नाहीत. वाचकाने त्या बरोबर आणाव्यात असं बाईंनी धरलेलं दिसतं.

कृष्णाकाठ

मी उलट सांगेन, टिपण आधी वाचा. बर्न्स आणि तो मुका शिपाई खरे आहेत हे माहीत असताना ती प्रकरणं वाचणं कठीण जातं, पण मला ती तशीच वाचायला हवी होती.